मावशींना कळलं का?

सर, तुमचं तेरावं झालं त्याच आठवड्यात आपल्या फिजिक्सच्या हेड मॅडमनी मला डिपार्टमेंटमध्ये बोलावलं. तुमची जुनी मुलं मिळून तुमच्यावर एक छोटं पुस्तक काढणार आहेत, त्यात मीही लिहावं असं त्यांचं म्हणणं. मी पटकन हो म्हणाले. तुम्ही तिथं असता तर चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतंत, "मावशी, हे हो लिहिता येईल म्हणून आलं, का मॅडमना नाही म्हणवलं नाही म्हणून आलं?" खरं सांगते, म्हणवलं नाही म्हणूनच. पण आता हो म्हटलंय तर लिहिते.

तुम्ही कुठं शिकलात, किती वर्षं शिकवलंत, ते बाकीचे लिहितील. मी सातवी शिकलेली. परभणीकडचं गाव, सातवीच्या पुढं शाळा नव्हती आणि मुलीला दुसऱ्या गावी पाठवायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. लग्न होऊन बोईसरला आले, ऋतुजाचे पप्पा एमआयडीसीत लूमवर, आणि मी तुमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये झाडणारी, पुसणारी, सामान काढून देणारी. मला तुमच्याशी बोलायचंय ते आपल्या भांडणाबद्दल. ऋतुजाला एम.एस्सी.ला मुंबईला पाठवायचं, की इथंच कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये लावायचं. ते अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात. उत्तर द्यायची पाळी तुमची होती, हे लक्षात असू द्या.

लॅबमध्ये आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. काचेचं काही फुटेल, पितळेचं काही वाकेल, कुणी इंग्रजीत काही मागेल. इथली खारी हवा तर माझी दुश्मनच. भिंगावर बुरशी धरायची, स्क्रूला गंज चढायचा. तुम्ही मला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या दाखवल्यात. दमट झाली की गुलाबी होते, तापवली की पुन्हा निळी. "एवढं सांभाळा मावशी, बाकी मी बघतो," म्हणालात. मी तव्यावर पापड भाजावा तशी ती भाजायची. गावाकडून इतक्या लांब आलेल्या बाईला कुणीतरी सांगतं की एवढं तुमचं, एवढं तुम्ही बघा. त्या दिवसापासून मला इथं पाय ठेवायला जागा झाली. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही.

आणि मग तुम्ही ती तुमची पद्धत काढलीत. प्रयोग झाला की मुलानं तुमच्याकडं यायच्या आधी माझ्याकडं यायचं. काय केलं, काय दिसलं, का दिसलं, ते मला मराठीत सांगायचं, एक सूत्र न लिहिता. मावशींना कळलं तर तुम्ही जर्नलवर सही करणार. कॉलेजात लोक हसले. दुसऱ्या डिपार्टमेंटचे एक सर तर स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच म्हणाले, "आता बाह्य परीक्षक म्हणून मावशींनाच बोलवा." तुम्ही म्हणालात, "बोलवेन की. पण त्या तुमच्यापेक्षा कडक निघाल्या तर?"

पण मी कसली कडक! पहिली कितीतरी पोरं मी नुसत्या होकारावर पास केली. मला वाटायचं, मी नाही म्हणाले तर लेकराचे मार्क जातील. आणि दुसरं, तुम्हाला वाटेल ही बाई मठ्ठ आहे, हिच्यापेक्षा दुसरी ठेवू. पोरांनी ते ओळखलं. दांडीचा जयेश, मच्छीमाराचा मुलगा, येताच म्हणायचा, "मावशी, आज घाई हाय. हो बोल ना, काय जातंय तुझं?" मी हो म्हणायची. एके दिवशी तुम्ही त्याच्यासमोरच मला विचारलंत, "काय कळलं मावशी? मला सांगा बघू."

मी म्हणाले, "गोल गोल दिसतात. आणि पोरगं चांगलं आहे."

तुम्ही इतके हसलात की चष्मा पुसायला लागला. मग खुर्ची ओढून माझ्यासमोर बसलात आणि हळूच म्हणालात, "मावशी, या वर्गात सगळ्यांना सगळं कळतं. कळत नाही असं म्हणणारं एक तरी माणूस मला पाहिजे. म्हणून तुम्हाला बसवलंय. तुम्हीही हो म्हणायला लागलात तर मी कुणाकडं बघू?"

जयेशला पुन्हा सांगायला लावलंत. तो म्हणाला, काचेवर भिंग ठेवलं की मध्ये हवेचा बारीक थर राहतो, तिथून दोन उजेड परत येतात, आणि एकमेकांत मिसळतात तिथं काही ठिकाणी काळी कडी दिसते. मी म्हणाले, उजेडात उजेड मिसळला तर अंधार कसा होईल? त्यानं डोकं खाजवलं आणि मग एकदम त्याच्या बोलीत सुटला, "मावशी, बंदरात दोन होड्या गेल्या ना, तर दोघींच्या लाटा एकमेकींवर येतात. काही ठिकाणी पाणी डबल उसळतं, आन् काही ठिकाणी जागच्या जागी गप बसतं. तसंच उजेडाचं हाय." मला दिसलं ते पाणी. खरंच दिसलं. पण तुम्ही मला न घाबरता विचारायला सांगितलं होतं, म्हणून विचारलं, "मग तो उजेड गेला कुठं?"

"घ्या!" तुम्ही टेबलावर हात मारलात. जयेश म्हणाला, "मावशी, तू आज मला नापास करते बघ." दोन दिवस तो शोधत होता. मग येऊन सांगून गेला की गेला नाय कुठं, शेजारच्या उजळ कड्यांत जास्तीचा जमा झालाय. आता तो पालघरला क्लास घेतो. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या अंगणात भेटला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, "मावशी, माझ्या क्लासात सत्तर पोरं हाय, पण थांबायला वेळच नाय. पोरगा नाय कळलं बोलला की मी बोलतो, व्हिडिओ पाठवतो." त्याला त्याचं वाईट वाटत होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तुम्ही स्वतः कसे शिकलात ते लॅब बंद करताना सांगायचात. तुमचे प्रोफेसर फळ्याकडं तोंड करून सिद्धता लिहीत आणि तोंडानं सांगत जात. तुम्ही उतरवत जायचात. वर्ग गच्च भरलेला, आणि कुणी प्रश्न विचारला तर बाकीचे त्याच्यावर चिडायचे, कारण लिहिण्याचा वेग मोडायचा. नव्यानं नोकरीला लागलात तेव्हा तुम्हीही तशाच नोट्स सांगितल्यात. "माझ्या सरांची वाक्यं, मावशी. त्यांना त्यांच्या सरांनी सांगितलेली." प्रयोगाचंही तसंच. पुस्तकात उत्तर काय आहे ते आधी बघायचं आणि मोजमापं मागून बसवायची. सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर, आणि प्रयोग कुणीच केलेला नाही.

पण याच तोंडानं तुम्ही नव्याला शिव्याही घालायचात, हं सर! जिकडं तिकडं इंजिनीअरिंगची कॉलेजं निघाली आणि फिजिक्सचे बाक रिकामे झाले, तेव्हा तुम्ही उदास. सेमिस्टर आलं, अभ्यासक्रमाचे तुकडे झाले, तेव्हा म्हणालात, "पोरं शिकताहेत कधी? सारखी परीक्षाच देताहेत." एका खोलीतली उपकरणं गुंडाळून तिथं कॉम्प्युटर आले, पडद्यावर बटण दाबलं की प्रयोग आपोआप होऊ लागला, तेव्हा तुम्ही दारातूनच बघून परत फिरलात. मला म्हणालात, "त्या पडद्याला गंज चढत नाही, मावशी. आणि चूकही होत नाही. मग पोरांनी शिकायचं कशातून?" मला आपलं वाटलं, चला, भिंगं पुसायचं काम कमी झालं. तेही तुम्हाला बोलले नाही.

मग लॉकडाऊन. तुम्ही रिटायर झाला होतात, पण आठवड्यातून दोन दिवस शिकवायला यायचात, ते घरून सुरू ठेवलंत. चिंचणीला तुमच्या घरात रेंज येईना म्हणून वाडीत जाऊन चिकूच्या फांदीला फोन बांधायचात. आणि पहिल्याच दिवशी मला फोन, "मावशी, वर्गात तुम्ही दिसला नाहीत." मी म्हणाले, सर, आता झाडायचं काय, पुसायचं काय? तुम्ही म्हणालात, "झाडायला कोण बोलावतंय? मुलं सांगणार कुणाला?"

एका खोलीचं आमचं घर. ऋतुजाचे पप्पा कारखाना बंद म्हणून घरात, गॅसवर भाजी, आणि माझा फोन भिंतीला टेकवून त्यात तुमचा वर्ग. ऋतुजा तेव्हा अकरावीत. मी पोळ्या लाटायची आणि ती फोनसमोर बसायची. पोरं मावशींना सांगायची, मावशींच्या नावानं ती लिहून प्रश्न विचारायची. पंधरवड्यानं तुम्ही फांदीवरच्या फोनमध्ये डोकं घालून म्हणालात, "मावशी, हल्ली तुम्ही फार कठीण विचारायला लागलात. लाटणं खाली ठेवा आणि समोर या." आली ती ऋतुजा. पीठ माझ्या हाताला होतं आणि पकडली गेली ती. ती रडवेली झाली. तुम्ही विचारलंत, "कितवीत आहेस?" ती म्हणाली, अकरावीत. मग म्हणालात, "उद्यापासून स्वतःच्या नावानं बस. आणि आईलाही बसव. दोघी पाहिजेत मला."

तिथून ती तुमची झाली, सर. मी म्हणत होते डिप्लोमा कर, नर्सिंग कर, लवकर पायावर उभी राहा. ती बी.एस्सी. फिजिक्सच म्हणाली, आणि आपल्याच कॉलेजात आली. आणि तुमच्याशी भांडायलाही लागली! तुम्ही म्हणालात, व्हिडिओतला माणूस थांबत नाही, शिकवणाऱ्यानं समोरच्या तोंडाकडं बघून थांबायला हवं. तर ही बया म्हणते, "सर, तो थांबतो की. मी थांबवते. दहा वेळा मागं नेते. तुम्हाला मागं नेता येतं का?" मला वाटलं आता धरणी पोटात घेईल तर बरं. मी तिला डोळे वटारले. तुम्ही सरळ म्हणालात, "नाही येत. खरं आहे."

आणि तो फोनचा प्रयोग. तिनं दोन स्टुलं एकमेकांवर ठेवली, वरून लोखंडाची गोळी सोडली. सोडताना टक् आणि फरशीवर ठक्. दोन आवाजांमधला वेळ फोननं मोजला, त्यावरून पृथ्वी किती जोरानं ओढते ते काढलं. उत्तर पुस्तकातल्यासारखं येईना. पुन्हा केलं, तरी येईना. ते तसंच घेऊन ती तुमच्याकडं आली, चेहरा पडलेला. तुम्ही कागद बघितलात आणि एकदम उजळलात. "आलेलं उत्तर तसंच आणलंस? बसवलं नाहीस?" मला हाक मारून म्हणालात, "मावशी, माझ्या काळात एवढी महागाची उपकरणं होती आणि खोटी उत्तरं. हिच्याकडं फोन आणि स्टूल आहे, आणि उत्तर खरं आहे." मग तुम्ही दोघं जमिनीवर बसून हात कुठं हलतो, आवाज कधी उठतो, ते शोधत बसलात. तुमचे गुडघे दुखायचे, तरी बसलात. त्या दिवसानंतर नव्याला शिव्या थोड्या कमी झाल्या. बंद नाही झाल्या.

म्हणून तर मी तुम्हाला पेचात पकडलं. तुमच्या ओसरीवर, शेवटच्या त्या भेटीत. ऋतुजाचा निकाल लागला होता, मुंबईला नंबर लागेल असं दिसत होतं, आणि इकडं पप्पांच्या ओळखीनं कंपनीत जागा होती. काकूंनी चिकू कापून समोर ठेवले होते. मी म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणता बाक रिकामे झाले. तुम्हीच म्हणता पूर्वीसारखं शिकणं राहिलं नाही, पूर्वीचंही काही खरं नव्हतं. मग माझी पोर कशाच्या भरवशावर त्यात टाकता?"

"रिकाम्या बाकावर बसायला जागा तरी मिळते, मावशी."

"चेष्टा नका करू. तुमचं घर इथं, वाडी इथं. आमचं इथं कुणी नाही. पोर तिकडं हॉस्टेलात एकटी पडली, दोन वर्षांनी नोकरीही नाही मिळाली, तर लोक मलाच विचारतील. कंपनीचं काम डोळ्यासमोर तर आहे."

काकू आतून म्हणाल्या, "बरोबर बोलते ती. तुमी तुमच्या पोराला नाय पाठवलंत फिजिक्सला." तुम्ही त्यांच्याकडं बघून हात जोडलेत. मग मला म्हणालात, "हे बघा, नोकरीची हमी मी देऊ शकत नाही. शिकवणं पुढं कसं होईल तेही मला माहीत नाही. आज आहे तसं राहणार नाही, एवढं नक्की. पण बदललेलं शिकवणं जुन्याच माणसांच्या हातात राहिलं, तर ते फक्त यंत्रानं बदललेलं असेल. उत्तर नाही आलं की खाली बसून शोधणारी पोरं तिकडं जायला हवीत. तुम्हाला नाही पटलं तर नाही म्हणा. पण विचार करून नाही म्हणा, भीतीनं नका म्हणू."

मला तेव्हा राग आला, सर. भीती ही काय पदराला लागलेली धूळ आहे, झटकली की गेली? मी म्हणाले, "माझा विचार भीतीतूनच येतो. दोन्ही वेगळं कसं करायचं, तेवढं सांगा."

तुम्ही चिकूची बी बोटांत फिरवत बसलात. मग म्हणालात, "मला नाही माहीत. विचार करून सांगतो." मला फाटकापर्यंत सोडायला आलात, एवढं मात्र नेहमीसारखंच.

त्यानंतर तुमचा फोन आला नाही. आला तो जयेशचा.

तुमच्या दारात इतकी माणसं होती सर, घिवलीची, दांडीची, अणुवीज प्लांटमधली, दूरदूरच्या गाड्या. मी एका कडेला उभी होते आणि मनात एवढंच, की आता मला सांगणार कोण? तुमच्यासाठी रडावं की तुमच्यावर चिडावं, ते कळेना. ऋतुजा घरी येताना रिक्षात म्हणाली, "आई, सर गेले म्हणून तू हो म्हणू नकोस. त्यांच्या आठवणीखातर मला नाही जायचं." तिला माझं हो पाहिजे होतं, पण तसलं नको होतं.

कंपनीतून निरोप आला, सोमवारपर्यंत कळवा. पप्पा म्हणाले, "तू ठरव, तुला त्या लोकांत राहून जास्त समजतं." मला काय समजतं? दोन दिवस मी विचार एकीकडं आणि भीती एकीकडं करून बघितली. डाळीतले खडे निवडतात तशी. निवडता येईना. प्रत्येक विचाराला भीती चिकटलेली, आणि भीती नीट बघितली तर तिच्यातही विचार. शेवटी रविवारी दुपारी कपडे वाळत घालताना ऋतुजाला हाक मारली. म्हणाले, "मला भीती वाटते. कालही वाटत होती, तू तिथं असशील तेव्हाही वाटेल. ती जाईल म्हणून थांबले तर तू म्हातारी होशील. तू जा." तिनं विचारलं, "नक्की?" मी म्हणाले, "नक्की नाही. पण जा."

तर सर, तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून माझंच सांगते. दोन्ही वेगळं होत नाही. भीतीसकट पाठवायचं असतं. तुम्हाला यात काही चूक दिसली असती तर तुम्ही नक्की काढली असतीत, आणि मीही गप्प बसले नसते. तुमचं बरोबर होतं असंही मी अजून म्हणणार नाही. दोन वर्षं जाऊ द्या, मग बघू.

तिला हॉस्टेलवर सोडून आले. लॅबमध्ये मॅडम नव्या मुलांना अजून माझ्याकडं धाडतात. मुलं फोनवर चित्र दाखवून सांगतात, मी म्हणते आधी फोन ठेव, मग सांग. कधी कधी उलटंही होतं, नुसतं सांगून कळत नाही आणि चित्र हलताना बघितलं की कळतं. मग मी ठेवलेला फोन परत द्यायला लावते. पोरं हसतात. दिवस बरे जातात सर, खरंच बरे जातात.

परवा ऋतुजाचा फोन आला, चार वाजता. आवाज ओढलेला. मी घाबरलेच. विचारलं, काय झालं, कुणी बोललं का, बरं नाही का? म्हणाली, "काही नाही गं. सकाळपासून एक प्रयोग जमत नाहीये. कुठं चुकतंय तेच सापडत नव्हतं, आता थोडं दिसायला लागलंय." मी विचारलं, जेवलीस काय? मग म्हणाली, "अगं, जेवायचं विसरलेच."

मी तिला चांगली ओरडले. आपलं घर सोडून तिथं उपाशी राहायला गेलीस काय, म्हणाले. ती नुसती हसत होती. फोन ठेवला आणि मला पहिलं वाटलं ते हे, की सरांना सांगायला पाहिजे, पोरगी जेवायचं विसरली.